वनस्पतींचीं गुप्त शस्त्रें

“दुधीचा रस रोज सकाळीं अनशापोटीं घ्यावा, तो नैसर्गिक असल्यामुळें त्यापासून अपाय होण्याचा संभवच नाहीं, असें आमच्या ओळखीचीं पुष्कळ मंडळी सांगतात. तें कितपत खरें मानावें?” असा प्रश्न एका वाचकभगिनीनें आम्हांस केला आहे. प्रश्न लहान आहे. पण त्याचें उत्तर एका वाक्यांत उरकण्यासारखें नाहीं. ‘नैसर्गिक’ हा शब्द अलीकडे जणूं कांहीं अभयपत्रच होऊन बसला आहे. डबीवर हिरव्या पानाचें चित्र असलें, कीं आंतील वस्तु निरुपद्रवी, अशी सुशिक्षितांचीही समजूत झालेली दिसते. या समजुतींत कोठें चूक आहे हें कळण्यासाठीं आधीं झाडें हीं द्रव्यें मुळांत कोणासाठीं व कशासाठीं तयार करतात, हें पाहिलें पाहिजे. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांस स्वयंपाकघरांतून परसांत व परसांतून औषधालयांत घेऊन जाणार आहों.

प्रधान आणि गौण

प्रत्येक वनस्पतीस जगण्यासाठीं साखर, पिष्ट, प्रथिनें, स्निग्ध पदार्थ अशीं कांहीं द्रव्यें लागतातच. गवताच्या पात्यापासून वटवृक्षापर्यंत हीं सर्वांत सारखींच आढळतात. परंतु हळदीचा पिवळेपणा, मिरचीचा तिखटपणा, कारल्याचा कडूपणा, कांद्याचा उग्रपणा हे गुण ज्या द्रव्यांमुळें येतात तीं सर्वांत नसतात. एकेका कुळाचीं, कधीं कधीं एकेका जातीचींच, तीं खास मालमत्ता असते. आणि त्यांच्यावांचून झाडाची वाढ अडते असेंही दिसत नाहीं. आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८९१ सालीं पहिल्या वर्गास प्रधान व दुसऱ्यास गौण अशीं नांवें दिलीं, आणि तीं रूढ झालीं.

‘गौण’ या नांवानें मात्र बराच घोंटाळा केला. हीं द्रव्यें म्हणजे झाडाच्या शरीरव्यापारांतून उरलेला केरकचरा होय, बाहेर टाकण्याची सोय नसल्यामुळें तो पानांत व सालींत सांठून राहतो, असें पुष्कळ काळ मानलें जाई. वास्तविक त्याआधींच, १८८८ सालीं, एर्न्स्ट स्टाल या वनस्पतिशास्त्रज्ञानें गोगलगायींवर प्रयोग करून निराळी गोष्ट दाखविली होती. एरवीं ज्या पानांस गोगलगायी तोंड लावीत नसत, त्यांतील द्रव्यें त्यानें काढून टाकलीं; तेव्हां तींच पानें त्यांनीं निमूटपणें खाल्लीं. पण या प्रयोगाकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९५९ सालीं गॉटफ्रीड फ्रेंकेल यानें ‘सायन्स’ या साप्ताहिकांत या गौण द्रव्यांच्या अस्तित्वाचें प्रयोजन काय, या विषयावर लेख लिहिला, तेव्हांपासून विद्वानांची दृष्टि पालटली. आज अशीं दोन लाखांहून अधिक द्रव्यें ओळखलीं गेलीं आहेत.

प्रयोजन सांगावयाचें तर तें अगदीं सोपें आहे. झाडास पाय नाहींत. गाय आली तर त्याला पळतां येत नाहीं, अळी चढली तर झटकतां येत नाहीं, बुरशी लागली तर खरवडून टाकतां येत नाहीं. ज्याला जागचें हलतां येत नाहीं त्याला आपलें संरक्षण जागच्या जागींच केलें पाहिजे; आणि तें झाडें रसायनांनीं करतात. ज्यास आपण चव, वास व रंग म्हणतों तो बहुधा झाडानें दुसऱ्या कोणास तरी दिलेला इशारा किंवा धाडलेलें निमंत्रण असतें.

फेसलेली मोहरी

या शस्त्रांची रचना किती चतुराईची असते हें पाहण्यासाठीं मिसळणाच्या डब्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. मोहरीचा दाणा न चावतां जिभेवर ठेवला तर त्यास कांहींच तिखटपणा नसतो. तीच मोहरी थंड पाण्यांत फेसली, कीं नाकांत झणका जातो व डोळ्यांस पाणी येतें. आणि फोडणींत तडतडली, कीं पुन्हां तिचा झणका नाहींसा होऊन केवळ खमंगपणा उरतो. असें कां व्हावें?

मोहरींत सिनिग्रिन नांवाचें द्रव्य असतें व मायरोसिनेज नांवाचें एक विकर असतें. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन. हीं दोन्ही निरनिराळ्या कोठारांत ठेवलेलीं असतात. दाणा अखंड आहे तोंवर त्यांची भेट होत नाहीं. तो ठेंचला, वाटला किंवा एखाद्या किड्यानें कुरतडला, कीं भिंती फुटतात, पाण्याच्या संगतीनें दोन्ही एकत्र येतात आणि तत्काळ तो झोंबणारा तैलार्क तयार होतो. फोडणीच्या कढत तेलांत विकर निकामी होतें, म्हणून तेथें झणका उत्पन्नच होत नाहीं. लोणच्यासाठीं मोहरी गार पाण्यांत फेसण्याची आमच्या आज्यांची पद्धत या विज्ञानाशीं तंतोतंत जुळते.

दोन कोठारांची योजना कशासाठीं, हेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. तयार तैलार्क खुद्द मोहरीच्या पेशींसही बाधल्यावांचून राहणार नाहीं. म्हणून दारू एका खोलींत व काडी दुसऱ्या खोलींत ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

कांद्याचेंही असेंच. चिरतांना पेशी फुटल्या म्हणजे एक विकर गंधकयुक्त द्रव्यावर क्रिया करतें, दुसरें विकर त्यापासून डोळ्यांस झोंबणारी वाफ बनवितें. हें दुसरें विकर जपानी संशोधकांनीं २००२ सालीं शोधून काढलें. तोंवर तें असेल अशी कोणास कल्पनाही नव्हती. कांदा आधीं गार करून ठेवला तर ही क्रिया मंदावते. सुरी धारदार असली तर पेशी कमी चेंगरतात. म्हणून दोन्ही युक्त्यांनीं डोळ्यांचें पाणी कमी होतें. लसणींतील उग्र द्रव्य अ‍ॅलिसिन १९४४ सालीं वेगळें काढण्यांत आलें. तेंही लसूण ठेंचल्यावरच निर्माण होतें. अखंड पाकळी सरळ कढत तेलांत टाकली तर तें फारसें होतच नाहीं. ठेंचून थोडा वेळ ठेवली व मग वापरली तर होतें.

या योजनेचें सर्वांत धारदार रूप आपल्या उपवासाच्या पदार्थाच्या मागें उभें आहे, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. आपल्याकडील साबुदाणा बहुतांशीं टॅपिओकाच्या कंदापासून होतो. तामिळनाडूंतील सेलम हें त्याचें मोठें केंद्र आहे. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. त्यांत लिनॅमरिन नांवाचें द्रव्य असतें व तें विकराच्या संगतीस आलें म्हणजे त्यांतून सायनाइडचें विष सुटतें. अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांनीं हा कंद किसून, धुवून, पिळून, भाजून निर्विष करण्याच्या कृति फार पूर्वींच बसविल्या होत्या. साबुदाण्याच्या कारखान्यांतही कंद किसतात, पुष्कळ पाण्यानें धुतात व खालीं बसलेलें सत्त्व तेवढें घेतात. विष पाण्याबरोबर निघून जातें. आपली खिचडी निर्भय आहे ती निसर्गाच्या कृपेनें नव्हे. निसर्गानें ठेवलेलें विष मनुष्यानें मेहनतीनें काढून टाकलें म्हणून ती निर्भय आहे.

शत्रु आणि पाहुणे

शस्त्र आलें, कीं त्यावर ढालही येते. कोबीच्या पानांत मोहरीच्याच जातीचें द्रव्य असतें व तें बहुतेक किड्यांस सहन होत नाहीं. परंतु कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्यांस तें बाधत तर नाहींच, उलट त्यावरूनच त्यांना आपलें अन्न ओळखतां येतें. हें एडुआर्ड फरशाफेल्ट या डच शास्त्रज्ञानें १९१० सालींच दाखविलें होतें. मारुतीस वाहावयाच्या रुईच्या पानांचा चीकही असाच विषारी आहे. त्यांतील द्रव्यें प्राण्यांच्या हृदयावर परिणाम करतात. तरीही नारिंगी पंखांच्या व काळ्यापांढऱ्या कडांच्या एका सुंदर फुलपाखराच्या अळ्या रुईवरच वाढतात. या कुळांतील फुलपाखरें झाडाचें विष स्वतःच्या शरीरांत सांठवून ठेवतात. म्हणून ज्या पांखरानें असें फुलपाखरूं एकदां खाल्लें तें पुन्हां सहसा त्याच्या वाटेस जात नाहीं.

मिरचीची गोष्ट याहून गमतीची आहे. मिरची मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीजांच्या मार्फत ती हिंदुस्थानांत आली आणि आतां तिच्यावांचून आपलें पान हलत नाहीं. तिच्यांतील कॅप्सायसिन हें द्रव्य आपल्या मज्जातंतूंवरील उष्णता ओळखणाऱ्या एका प्रथिनास चाळवितें. म्हणून मिरचीनें तोंड ‘भाजतें’ असें आपण म्हणतों तें केवळ अलंकारिक नव्हे. हें प्रथिन १९९७ सालीं डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोधलें, व त्या शोधाबद्दल २०२१ सालीं ज्युलियस यांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. पक्ष्यांच्या अंगीं असलेल्या याच प्रथिनावर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाहीं. म्हणून पोपट खुशाल मिरची खातो. सस्तन प्राणी बीं चावून नष्ट करतात, पक्षी तें अखंड दूरवर नेऊन टाकतात. नको असलेल्या पाहुण्यास दारांतून परतविणें व हवा असलेल्यास आंत घेणें, हीं दोन्ही कामें एकाच द्रव्याकडून मिरचीनें करून घेतलीं आहेत. जातां जातां एक व्यावहारिक सूचना करतों. कॅप्सायसिन पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून तिखट लागल्यावर पाणी पिण्यापेक्षां दूध किंवा दहीं घेणें बरें.

सदाफुलीची कहाणी

शत्रूच्या शरीरावर परिणाम व्हावा म्हणून जें द्रव्य घडविलें गेलें, तें मनुष्याच्या शरीरावरही परिणाम करणार, हें उघड आहे. वनस्पतींत औषधें कां सांपडतात याचें उत्तर येथेंच आहे. झाडें आपल्यासाठीं औषधें करीत नाहींत. त्यांच्या शस्त्रांचा आपण मापून उपयोग करतों, तेव्हां त्यांस औषध म्हणतों.

आपल्या अंगणांतील सदाफुलीचेंच पाहा. मधुमेहावर तिचीं पानें चावण्याचा किंवा त्यांचा काढा घेण्याचा उपाय आपल्याकडे सांगतात, तसाच तो वेस्ट इंडीजमध्येंही सांगत असत. तो ऐकून कॅनडांतील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनीं पानांच्या अर्काचे उंदरांवर प्रयोग केले. रक्तांतील साखरेंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. पण ज्यांस अर्क टोंचला होता ते उंदीर जंतुसंसर्गानें मरूं लागले. शोध करतां असें दिसलें, कीं त्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटल्या होत्या. दुसरा कोणी असता तर तेथेंच थांबला असता. या दोघांनीं मात्र असा विचार केला, कीं ज्या रोगांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगांत या विषाचा उपयोग कां होऊं नये? १९५८ सालीं व्हिन्ब्लास्टिन हें द्रव्य जाहीर झालें. पाठोपाठ त्याचें भावंड व्हिन्क्रिस्टिन आलें व १९६३ सालीं अमेरिकेंत तें वापरण्यास परवानगी मिळाली. मुलांच्या रक्तकर्करोगावरील उपचारांत इतर औषधांबरोबर तें आजही दिलें जातें. आणि जो रोग एके काळीं जवळजवळ मृत्युलेखच होता, त्यांतून सधन देशांतील दहांपैकीं सुमारें नऊ मुलें आज बरीं होतात.

सदाफुलीनेंही आपलीं कोठारें वेगळीं ठेविलीं आहेत. व्हिन्ब्लास्टिन ज्या दोन रेणूंच्या जोडणीनें होतें, त्यांपैकीं एक पानाच्या पृष्ठावरील मेणकट थरांत व दुसरा आंतील पेशींत असतो. म्हणून झाडांत तयार औषध अत्यंत थोडें सांपडतें. ग्रॅमभर मिळविण्यास शेंकडों किलो वाळलेलीं पानें लागतात. मात्रा वैद्यानें मिलिग्रॅमांत मोजून द्यावयाची, रक्ताची तपासणी करीत द्यावयाची. ज्या कुंडींतून हें औषध निघालें त्याच कुंडींतील पानें अंदाजानें चावणें ही निराळी गोष्ट होय. पानांत कोणतें द्रव्य किती आहे हें चावणाऱ्यास कळण्यास कांहींच मार्ग नसतो.

सर्पगंधेचा इतिहासही हाच धडा देतो. ही मुळी हिंदुस्थानांत शतकानुशतकें वापरांत होती. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांस ती देऊन, त्यांचा दाब पुन्हां पुन्हां मोजून आपले निष्कर्ष १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केले, तेव्हां जगाचें लक्ष तिच्याकडे गेलें. १९५२ सालीं तिच्यांतील रेसरपिन वेगळें काढण्यांत आलें. पुढें त्याचे दुष्परिणामही मोजण्यांत आले व अधिक चांगलीं औषधें निघाल्यावर त्याचा वापर मागें पडला. परंपरेनें वाट दाखविली, मापनानें ती तपासली. दोघांचाही मान यांत राहिला.

आतां दुधीविषयीं

दुधी, काकडी, भोपळा, दोडका हीं सर्व एकाच कुळांतलीं. या कुळाचें शस्त्र म्हणजे कुकर्बिटॅसिन नांवाचीं अत्यंत कडू द्रव्यें. रानटी भोपळे त्यामुळेंच कडूजहर असतात. मनुष्यानें पिढ्यान् पिढ्या गोड फळांचें बीं निवडून हा कडूपणा मावळविला. पण तो समूळ गेलेला नाहीं. रानटी वेलाशीं संकर झाला, किंवा झाडास उष्णतेचा व पाण्याच्या तुटीचा जाच झाला, तर एखाद्या फळांत तो पुन्हां प्रकट होतो. फळाचें रूप नेहमींसारखेंच असतें; ओळखण्याची खूण एकच, ती म्हणजे चव.

भाजींत हा धोका सहसा घरांत शिरत नाहीं, कारण कडू भाजी दुसऱ्या घांसाला कोणी खात नाहीं. रसाचें तसें नाहीं. एका पेल्यांत बराच दुधी जातो, लिंबू, आलें, मध घातल्यानें कडूपणा झांकला जातो, आणि औषध म्हणून घेतलेलें असल्यामुळें कडू लागलें तरी मनुष्य तें नेटानें संपवितो. २०१० सालीं दिल्लींत असा रस घेतलेल्या एका शास्त्रज्ञाचा मृत्यु झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञसमितीनें अशा प्रकारांची छाननी केली. रोग्यांस थोड्याच वेळांत उलट्या व जुलाब होत. कांहींस रक्ताच्या उलट्या होऊन रक्तदाब धोकादायक रीतीनें उतरे. या विषावर खास उतारा नाहीं, आणि शिजविल्यानें तें नष्ट होत नाहीं. समितीची शिफारस अशी, कीं रस काढण्यापूर्वीं दुधीचा तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास फळ टाकून द्यावें, व रस घेतल्यावर त्रास होऊं लागल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

हळद आणि गुळवेल यांविषयींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. हळदीनें जखम भरून येते हा ‘नवा शोध’ म्हणून अमेरिकेंत १९९५ सालीं पेटंट देण्यांत आलें होतें, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ पुढें ठेवून तें १९९७ सालीं रद्द करविलें. याचा अभिमान प्रत्येकास वाटणें योग्यच आहे. पण हळदीच्या पुडींत कर्क्युमिनवर्गीय द्रव्यें शेंकडा तीनच्या आसपास असतात. पांचशें मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम हळदीचा ऐवज. त्यांत मिऱ्यांतील पिपरिन घातलें, तर शरीरांत शिरणारें प्रमाण अनेक पटींनीं वाढतें. फोडणींतील चिमूट व ही गोळी यांस एकच नांव देणें म्हणजे केवळ शब्दांचा खेळ होय. अमेरिकेंतील यकृताच्या विकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनीं २०२२ सालीं हळदीच्या अशा गोळ्यांमुळें आजारी पडलेल्या दहा रोग्यांची हकीकत दिली. त्यांतील एक दगावला.

गुळवेलीविषयीं २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं यकृताचा दाह झालेल्या सहा रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयानें त्यावर आक्षेप घेतला, कीं रोग्यांनीं घेतलेली वनस्पति गुळवेलच होती हें सिद्ध झालेलें नाहीं, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असते. हा आक्षेप क्षणभर संपूर्ण मान्य केला, तरी गृहस्थाच्या दृष्टीनें निष्कर्ष बदलत नाहीं. दारावरून आणलेली वेल खरी कीं खोटी हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्यानें ती महिनेच्या महिने कोणास न विचारतां घेऊं नये.

वरील विवेचनावरून कोणी भाजीपाल्याचें भय धरूं नये. रोजच्या आहारांतील वनस्पति हजारों वर्षांच्या निवडीनें व पाककृतींनीं आपल्या सोयीच्या करून घेतलेल्या आहेत; भीति आहे ती मात्रा, रूप व पद्धत बदलण्याची. म्हणून एवढ्या गोष्टी घरोघर पाळाव्या. दुधी, काकडी, दोडका चिरतांना तुकडा चाखून पाहावा. ही जुनी रीत टाकूं नये व मुलींप्रमाणें मुलांसही शिकवावी. हिरवे पडलेले किंवा मोड आलेले बटाटे उपवासाच्या भाजींतही घालूं नयेत. त्यांतील सोलॅनिन शिजवून जात नाहीं. कण्हेर, बिट्टी व धोतरा यांचीं फळें व बिया लहान मुलांच्या हातीं पडूं देऊं नयेत. पहिलीं दोन हृदयास व तिसरें मेंदूस घातक आहे. आणि कोणताही काढा, चूर्ण वा गोळी चालूं असल्यास डॉक्टरांनीं विचारण्याची वाट न पाहतां तें त्यांस सांगावें. “तें कांहीं औषध नव्हे, झाडपाला आहे” असें म्हणून वगळूं नये.

आमच्या वाचकभगिनीस उत्तर असें, कीं गोड दुधीची भाजी घरांतील सर्वांनीं आनंदानें खावी. रस घेण्याचा आग्रहच असेल, तर प्रत्येक फळ आधीं चाखून पाहावें, त्यांत इतर रस मिसळूं नयेत, आणि जिभेस किंचितही कडू लागल्यास पेला तेथेंच ओतून द्यावा. त्या कडूपणाच्या रूपानें वेल आपणांस जें सांगत असतो, तें ऐकण्यांतच शहाणपण आहे.

पुढील अंकांत हळदीचें कुंकूं कसें होतें व चुन्यानें तिचा रंग कां पालटतो, याविषयीं लिहिण्याचा आमचा विचार आहे.